उठतेय हं

सासूबाई खुर्चीवरून उठायच्या आधी सांगतात, "उठतेय हं." खोलीत कोणी असो वा नसो. लग्नानंतर सुरुवातीला मला वाटायचं, मदत हवी असेल. मी धावत जायचे, तर त्या फक्त पाणी प्यायला उठलेल्या असायच्या. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालतं. दिवसातून वीसदा उठतात आणि वीसदा सांगतात. आम्ही सगळे हसतो.

माझी मुलगी सोळा महिन्यांची झाली आणि तिला सासूबाईंकडे ठेवून मला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये परत रुजू व्हायचं होतं. नेमकं त्याच सुमारास मी वाचत सुटले होते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलाला आधार वाटला नाही, तर तो धसका शरीर धरून ठेवतं आणि पुढे झोप, रक्तदाब, हृदय यांच्याकडून वसूल करतं. हे वाचल्यापासून ती नुसती शिंकली तरी मला तिची पन्नाशी दिसायची.

"तू सोमवारी कामाला गेलीस म्हणून तिला काही हार्ट अटॅक येणार नाहीये," नवरा म्हणाला.

"सोमवारी नाही. पन्नास वर्षांनी."

"मग आत्ता जेवून घ्यायचं का?"

हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. उशीला डोकं टेकलं की घोरायला लागतो. घरात सगळ्यांचा रक्तदाब मी मोजते. याचा इतका छान येतो की मी एकदा यंत्र बदलून पाहिलं. माझा आकडा मी कुणाला सांगत नाही. म्हटलं, याच्या लहानपणी काय केलं होतं ते तरी विचारावं. वही घेऊन सासूबाईंपुढे बसले.

"आई, हा लहान असताना तुम्ही त्याला रोज खास वेळ किती द्यायचात?"

"खास म्हणजे?"

"म्हणजे फक्त त्याच्यासाठी."

"अगं, शाळेचे गणवेश शिवायचे मी. कुठला खास वेळ? मशीनखाली बसायचा तो. एक पाय मशीनवर असायचा, दुसरा त्याला देऊन टाकला होता."

"देऊन टाकला?"

"अंगठा धरून बसायचा ना! मी उठले की भोकाड. मग सांगून उठायला लागले. उठतेय हं, गॅस बंद करून येते. आणि यायचे. दारात कुणी गप्पांना उभं असलं तरी आधी परत यायचे." दोरा दातांनी तोडत त्या म्हणाल्या, "लिही की. वही आणलीयेस ना?"

मी "अंगठा" एवढंच लिहिलं.

माझा बेत वेगळा होता. तिला खेळात गुंतवायचं आणि गुपचूप सटकायचं. जाताना पाहिलंच नाही तर धसका कशाला बसेल? रविवारी सकाळी रंगीत तालीम केली. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दहा मिनिटांत परतले. तोवर मला पडद्यामागे, कपाटात शोधून झालं होतं आणि बाईसाहेब कपडे धुण्याच्या मशीनचं दार वाजवत होत्या. मग दिवसभर तिने माझी बाही सोडली नाही. मी बाथरूममध्ये गेले तर दाराखालून चार बोटं आत आली.

"चोरासारखी गेलीस, आता ती पोलिसासारखी पहारा देणारच," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी आमच्याच इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली. आत एक वयस्कर गृहस्थ होते, दार बडवत होते. नवरा फटीला तोंड लावून म्हणाला, "काका, मी आता वर जातोय हं. दोन मिनिटं माझा आवाज येणार नाही. मग मी येतो." बडवणं थांबलं. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "आलो, काका." मी मुलीला कडेवर घेऊन जिन्यात उभी होते. हे सगळं मी कुठेतरी ऐकलंय असं वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी मी लोहचुंबक घेऊन शिवणाच्या मशीनखालची फरशी तीनदा पालथी घातली. एक टाचणी निघाली. ती सासूबाईंना पुराव्यासारखी दाखवली.

"ठेव जपून. तिच्या पन्नाशीला भेट दे."

मग मी मुलीसमोर उकिडवी बसले. "मी जातेय हं. आजीचा संध्याकाळचा चहा झाला की येते." तिने असं भोकाड पसरलं की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. मी जिन्यात घड्याळ धरून उभी राहिले. चार मिनिटांनी रडणं थांबलं. ते तर आणखीनच वाईट. मी फोन लावला.

"आई, ती गप्प का झाली?"

"अंगठा सापडलाय तिला. माझं काम थांबलंय, तू तरी तुझ्या कामाला जा."

संध्याकाळी चपला काढायच्या आधीच मी ओरडले, "आले!" मशीनखालून एक डोकं बाहेर आलं. धावत वगैरे आली नाही. आधी मला खालून वरपर्यंत तपासलं, माल बरोबर पोचलाय ना ते पाहावं तसं. मग आली आणि गळ्याला अशी लटकली की मला चपला काढताच येईनात.

असे दोन महिने गेले. परवा सुट्टीच्या दिवशी ती माझ्या मांडीवर होती. अचानक खाली उतरली, दारापर्यंत गेली, वळली आणि गंभीरपणे म्हणाली, "जाते हं." आणि पुढच्या खोलीत निघून गेली. माझ्याकडे मागे वळूनसुद्धा न पाहता.

माझे डोळे भरून आले. नाक ओढल्याचा आवाज बाहेर गेला असावा.

"रडू नकोस गं," पुढच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "सांगून आलीये ना? येईल परत."

मी होते तिथेच बसून राहिले.

आली. सहा मिनिटांनी. मी काही मोजत नव्हते.