दारातच अडलेली विनंती

ही २०१४ सालची गोष्ट. मावशीच्या दातांच्या दवाखान्यासाठी भाचीनं पेशंटच्या वेळा नोंदवायची वेबसाइट बनवली. मावशीच्या कॉम्प्युटरवर ती सुरळीत चाले. दाराशी बसून पेशंटच्या नोंदी घेणाऱ्या काकूंनी मात्र आपल्या कॉम्प्युटरवर 'नोंदवा' दाबलं, की नुसतं चक्र गरगरत राही.

"तिला मुळात हे नकोच होतं," मावशी कुजबुजली. "मुद्दाम करते. आज चाललं नाही, तर उद्यापासून दुसरी बाई बघते."

भाचीला हे पटेना. कॉम्प्युटर काय तोंड बघून रुसतो? स्टूल ओढून ती काकूंशेजारी बसली.

"माझ्याच बोटांत खोट असेल तर सांग बाई," काकू म्हणाल्या. "तुझी मावशी सकाळपासून फुगून बसलीय. नोकरी जाते की काय माझी!"

भाचीनं ब्राउझरमधला तपासणीचा भाग उघडला. साइटनं सर्व्हरकडे पाठवलेल्या विनंत्यांची रांग दिसली. त्यात एक लाल.

"काकू, गंमत बघा! ही सर्व्हरपर्यंत गेलीच नाही. तुमच्या कॉम्प्युटरमधून बाहेरच पडली नाही."

"दारातच अडवली? कुणी गं?"

"तेच तर शोधायचंय."

तिनं खासगी विंडो उघडून बघितलं. नोंद झटकन झाली. "इथे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधनं, म्हणजे एक्स्टेन्शन्स, बंद असतात. म्हणजे चोर त्यांच्यातलाच."

मग ती एकेक बंद करत गेली. फुलांची चित्रं दाखवणारं झालं, शब्दांचे अर्थ सांगणारं झालं, फरक नाही. ढालीचं चित्र असलेल्या एक्स्टेन्शनपाशी आली, तशी काकूंनी तिचा हात धरला.

"ते नको. मुलानं लांब जाताना बसवलंय. आईला कुणी फसवू नये म्हणून."

"परत लावते, शप्पथ."

ढाल बंद झाली आणि नोंद झाली. परक्या पत्त्यावर जाणारं सगळं ती रोखत होती, आणि नोंदी भाचीनं साइटपेक्षा वेगळ्याच वेब-पत्त्यावर ठेवल्या होत्या.

काकू हसता हसता डोळे पुसू लागल्या. "तिकडून मला सांभाळतोय आणि इकडे माझी नोकरी घालवतोय! गाढव कुठला."

भाचीनं ढाल परत लावली, फक्त या साइटला वाट मोकळी करून दिली.

खरं कारण कळल्यावर मावशीनं माफी मागितली नाही. स्वतः चहा करून काकूंपुढे ठेवला. काकू निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. मुलगा परतला नाही, पण आईनं गाढव म्हटल्याचं कळल्यावर पोट धरून हसला. मावशीनं पुढे दवाखाना विकला. भाची आता नवख्यांना शिकवते, आणि कुणी तक्रार घेऊन आलं की आधी विचारते, "खासगी विंडोत बघितलंस?"