माझे खालचे दोन बोल्ट

मी मोटारसायकलचा क्रॅश गार्ड बोलतोय. नेऱ्यातल्या एका बंगल्यामागे, रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी पडलोय. काल माझ्यावर हळदकुंकू वाहिलं गेलं, आणि ते मला पुसून टाकता येत नाही.

जन्म माझा तळोज्याच्या एका शेडमधला. लोखंडी नळी वाकवून, जोडून, वर काळा रंग भाजून मला घडवलं. काम एकच. गाडी आडवी झाली की आधी मी जमिनीला टेकायचं आणि गाडीखाली माणसाच्या पायापुरती जागा राखायची. वरचे दोन बोल्ट मला जागेवर ठेवतात, भार पेलतात ते खालचे दोन.

पनवेलच्या दुकानात मला घ्यायला धनेश आला. लडाखला जायचं म्हणून त्याने छोटी ॲडव्हेंचर बाईक घेतलेली. आजवर ती नेरे ते पनवेल एवढंच हिंडलीय. सोबत त्याचा मित्र दीपेश होता.

"याला लाईट किती बसतील?" धनेशने विचारलं.

"चार तर आरामात," दुकानदार म्हणाला.

"फोटोत भारी दिसंल," दीपेश म्हणाला.

झाली माझी निवड! पडल्यावर मी काय करीन, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

बसवायला बाळू नावाचा फिटर होता. वरचे बोल्ट आवळून तो म्हणाला, "खालचे लावायचे तर इंजिनचे बोल्ट काढायला लागतील. वेळ जाईल."

"आज चिरनेरला हळद हाय. मना गारी आताच पायजे. ते नंतर बघू," धनेश म्हणाला.

"चालतंय. हलत तर नाही," बाळू म्हणाला. त्याने माझे खालचे पाय प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधले, वर काळी टेप गुंडाळली. आणि माझ्या हक्काचे ते दोन लांब बोल्ट? ते लाईट बसवायला वापरले. त्या रात्री हळदीत माझ्या अंगावर चार दिवे झगमगत होते आणि पोरं माझ्यासोबत फोटो काढत होती. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

ते 'नंतर' काही आलं नाही. फार्महाऊसवरच्या पार्ट्यांना धनेशचे मित्र माझ्यावर चिखलाचे बूट टेकवून बसत, चकल्यांच्या तेलाचे हात मला पुसत. एकाने तर गुटख्याची पिंक माझ्यावर मारली आणि सगळे हसले. धनेशही हसला. पण त्याची आई वेणूबाई कधी मागे बसायला लागली की लगेच म्हणायचा, "आये, गार्डाला पाय नको लावू, ओरखडे उठतील." ती बिचारी पदर सावरत, पाय आखडून बसायची. ओरखडे झेलायलाच जन्मलेल्या मला हे ऐकून शिसारी यायची.

मग तो दिवस आला. वेणूबाईंना डोळे तपासायला पनवेलला न्यायचं होतं. त्या नेहमीप्रमाणे एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेल्या. वळणावर फोन वाजला, धनेश थांबला आणि खडीवर त्याचा पाय सरकला. गाडी डावीकडे कलंडली. शिकवल्याप्रमाणे आधी मी टेकलो. पट्ट्या ताडकन तुटल्या, मी आत दुमडलो आणि सगळी गाडी वेणूबाईंच्या घोट्यावर बसली. धनेश उडी मारून बाजूला झाला होता.

"आये!" असं तो ओरडला, हे मी नाकारत नाही. पण वाकला तेव्हा त्याने आधी लाईट पाहिले.

आणि खालून त्या माउलीने विचारलं, "गारीला काय झाला नाय ना रं?"

पिंक परवडली, पण हे नको.

गाडी उचलल्यावर धनेशने तुटलेल्या पट्ट्या पाहिल्या. त्या गोळा करून गुपचूप खिशात घातल्या. भेटायला येणाऱ्यांना मात्र तोच सांगू लागला, "गार्ड होता म्हनून वाचली, नायतर पायच गेला असता." सगळे माना डोलवायचे. वेणूबाईंना तर ते पटलंच. वाकडा झालेला मी भंगारात जाणार होतो, तर त्यांनी मला ठेवून घेतलं. प्लास्टरातला पाय ओढत काल माझ्यापाशी आल्या आणि कुंकू लावून म्हणाल्या, "तू व्हतास म्हनून."

तेव्हाच मागच्या अंगणात बाळू नवा, नारिंगी गार्ड बसवत होता.

"पाय बरा झाला की मना याच गारीवरनं मोऱ्याला भाविकाकडं ने रं," वेणूबाई म्हणाल्या. भाविका त्यांची लेक, मोरा गावात दिलेली.

"नेतो ना, आये. आता नवीन गार्ड हाय."

त्याच्या पाठीमागे बाळूने पट्टीचं लोंबतं टोक कापलं आणि टेपचं बंडल उघडलं. नव्या गार्डावरही लांब बोल्ट लाईटांनाच लावलेले होते.

वेणूबाई, माझ्यावरचं कुंकू पुसा. मी तुमचा पाय वाचवला नाही, मला वाचवू दिलंच नाही. मोऱ्याला निघाल त्या दिवशी गाडीवर बसण्याआधी फक्त एकदा वाका आणि त्या नव्या गार्डाच्या खालची टेप सोलून बघा.