लाल काठाची चिंधी

इंजिन केव्हाचं धडधडत होतं, त्याचा काटा गरम दाखवत होता, आणि न्हाणीच्या नळाला मात्र तापीतून नुकतं उपसावं तसं गार पाणी! जयश्रीने नळ बंद करून बाह्या सरसावल्या. मगदल्ल्याच्या धक्क्याला लागलेल्या या शिडाच्या बोटीवर ती आज पहिल्यांदाच कप्तान होती. दुपारच्या भरतीवर दीवला निघायचं होतं. पण बोटीचे मालक मेहुलभाई आईला, म्हणजे बांना, घेऊन आले होते, आणि बांचा दंडक कडक: गरम पाण्याच्या आंघोळीशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय घास नाही. पाणी तापलं नाही तर बा नाहीत, बा नाहीत तर मेहुलभाई नाहीत, आणि जयश्रीची कप्तानकी धक्क्यावरच बुडाली.

पण घाबरेल ती जयश्री कसली! खानदेशातून सुरतेला येऊन डाइंग मिलच्या बॉयलरवर जन्म काढलेल्या भिकन आबांची ती लेक होती.

बोटीवरचा बंब तसा सरळ गडी. इंजिनातलं तापलेलं पाणी एका पाइपाने टाकीतल्या वेटोळ्यात जातं, आंघोळीच्या पाण्याला ऊब देतं आणि दुसऱ्या पाइपाने परत येतं. तिने दोन्ही पाइप चाचपले. जाणारा इंजिनाजवळ चटका देत होता, पुढे गार; येणारा तर पुरता गार. म्हणजे पाणी फिरतच नव्हतं. हवा अडकली असेल म्हणून तिने इंजिन थांबवलं, निवू दिलं आणि टाकीच्या माथ्यावरचा हवेचा स्क्रू सैल केला. फुस्स नाही की काही नाही, नुसतं पाणी आलं. हवेवरचा आळ खोटा ठरला. मग परतीच्या पाइपावरून हात फिरवत ती बाकाखाली शिरली आणि चोर सापडला: बंद व्हॉल्व, आणि त्यावर लाल लुगड्याच्या काठाची चिंधी.

गाठ आबांची होती. कालच ते येऊन जुना पाइप बदलून गेले होते.

"फॉल्ट मळ्यो? तो कापी नाख ने!" दोष सापडला तर चिंधी कापून टाक, अशी घाई करत मेहुलभाई वरून डोकावले.

"ना, शेठ. जेणे बांधी, ए ज छोडे."

मिलमधला कायदाच होता तो. पाइपावर काम करताना व्हॉल्व बंद करून चिंधी बांधायची; माणूस आत आहे तोवर ती सुटत नाही, आणि बांधणाऱ्यानेच ती सोडायची. एकदा कुणीतरी घाईने आबांची चिंधी सोडली होती. तेव्हाची भाजल्याची खूण त्यांच्या दंडावर अजून होती.

तिने फोन लावला. "आबा, व्हॉल्वले तुम्हनी चिंधी शे."

पलीकडून आबांचा आवाज आला, "सोडू नको. मी येस."

आबा रिक्षातून उतरले ते मान खाली घालूनच. काम संपल्यावर चिंधी विसरणारा हा माणूस नव्हे. काल पाइप बसवताना जयश्रीने त्यांना सांगितलं होतं, की उद्या मी कप्तान म्हणून समुद्रात जाते. 'बरं' एवढंच म्हणून ते उठून गेले होते. लेकीचं कौतुक करायला जीभ झडते का, म्हणून ती रात्रभर धुसफुसली होती. आता आबा बाकाखाली वाकून गाठ सोडू लागले.

"भुली गऊ, माय," ते पुटपुटले. "तू समुंदरनं नाव काढं, नि मन्हं ध्यानच उडी गयं."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांच्या दंडावर हात ठेवून ती म्हणाली, "मी परत येसू, आबा. तुम्हनी पोर शे मी."

व्हॉल्व उघडला, इंजिन पुन्हा धडधडलं, आणि थोड्या वेळाने न्हाणीतून वाफेबरोबर बांचं स्तोत्रही ऐकू येऊ लागलं. भरती भरली. दोर सुटले.

सुकाणू धरून जयश्रीने मागे वळून पाहिलं. आबा धक्क्यावरच्या खुंटाला तीच लाल चिंधी बांधत होते. गाठ दोनदा ओढून पाहून त्यांनी हात वर केला.

"तू येशी तवय सोडसू!"