उंच दाढ

चावा तपासायच्या निळ्या कागदाची खूण मोहरीच्या दाण्याएवढी होती. उजवीकडची सगळ्यात मागची दाढ. वरची कवळी खालच्या कवळीवर टेकवली, की बाकीचे दात एकमेकांना भेटायच्या आधी ही दाढ भेटत होती. फरक केसभराचा, पण जिथे जिभेला अडकलेला केस सहन होत नाही, तिथे हिरडीची काय कथा. घासायचं चाक नुसतं टेकवलं असतं तरी उंचवटा गेला असता. तिने चाक बंद केलं, कवळी धुतली, पुसली आणि डबीत ठेवली.

"मिलीमीटर, झाली का काकांची?" दारातून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवायची, आणि हे नाव तिला बाईंनीच दिलेलं होतं.

"झाली."

"बसवून देते लगेच. तुझ्या कामात मी काय तपासायचं?"

काका म्हणजे तिच्या घरच्यांच्या चर्चमधले सगळ्यात जुने वडीलधारी. प्रभुभोजनाच्या दिवशी, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायच्या भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून तेच फिरत. तिची ताई लग्नाआधी गरोदर राहिली, तेव्हा भर उपासनेत उभं राहून तिचं नाव घेणारेही तेच. त्याच रविवारी ताट ताईपर्यंत आलं, थबकलं, आणि तिला ओलांडून पुढे सरकलं. ताईची ओंजळ तशीच पुढे राहिली. मग तिने ती हळूच मांडीवर उपडी केली, जसं काही तिला हातच झटकायचे होते.

ताईने पुढे त्याच मुलाशी लग्न केलं, दुसऱ्या शहरात संसार थाटला. तिची लेक आता कॉलेजात जाते. धाकट्या बहिणीने मात्र त्या दिवसापासून ताटातली भाकर उचलली नाही. ताट आलं की मान खाली घालून पुढे द्यायची. लोकांना वाटे, पोर फार नम्र आहे.

देवाशी तिचं भांडण नव्हतं. काम करताना ती त्याच्याशी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. बघ, हा साचा फुगला. जरा हात स्थिर ठेव माझा. सूड त्याच्यावर सोपवावा, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. तिने सोपवलाही होता. पण त्याला घाई दिसत नव्हती, आणि कवळी तिच्या हातात आली होती.

रविवारी काका शास्त्रपाठ वाचायला उभे राहिले. दुसऱ्याच वाक्याला अडखळले, गालावर तळवा दाबून थांबले. पुन्हा वाचू लागले, पुन्हा थांबले. तिच्या जिवाला थंडावा वाटला. इतका, की तिने ओढणीआड हसू लपवलं.

"बिचाऱ्याचं काहीतरी दुखतंय गं," शेजारून आई कुजबुजली.

"वय झालं, आई."

"वय तर माझंही झालं." आई आणखी जवळ सरकली. "ताईचा फोन होता. विचारत होती, येऊ का म्हणून. एकदा माझ्या शेजारी बाकावर बसायचंय म्हणते."

"बघू," ती म्हणाली. दर वेळी हेच म्हणायची. ताट पुन्हा ओलांडून गेलं तर ते आईच्या डोळ्यांदेखत जाणार होतं.

सोमवारी कामाला बसली तेव्हा तोंडातून नेहमीचं बोलणं फुटेना. हात चालत होते. शेजारची खुर्ची नुसती खुर्ची होती. पुढचे सगळे दिवस तसेच गेले.

मग एका सकाळी काका स्वतःच मागच्या खोलीत आले. गाल बसले होते.

"बाई कामात आहेत. म्हणाल्या, तिलाच दाखवा. बेटा, चावताना जीव जातो बघ. भाकर पाण्यात भिजवून गिळतोय."

तिने कवळी काढायला सांगितली. हिरडीवर लालभडक जखम होती, कडेला पांढरी पडलेली. ती बघून थंडावा वाटेल अशी तिची अपेक्षा होती.

"पण तक्रार नाही माझी," काका म्हणाले. दातांविना शब्दांतून वाराच जास्त येत होता. "देवानं दिलंय दुखणं. काहीतरी शिकवायचं असेल त्याला."

तिच्या कामाचं श्रेय देवाला चाललं होतं. आयुष्यभर हा माणूस असंच करत आला होता. माणसांनी केलेलं सगळं देवाच्या नावावर. आणि आता तीही त्याच रांगेत उभी होती.

"देवानं नाही, काका. ती दाढ मी मुद्दाम उंच ठेवली."

काका तिच्या हातातल्या कवळीकडे बघत राहिले.

"ताईसाठी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नियम होता मंडळीचा."

"ताट तुमच्या हातात होतं. नियमाच्या नाही."

ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली. चाक सुरू केलं, उंचवटा घासला, कागद ठेवून पाहिला, पुन्हा घासला. सगळ्या दातांवर सारख्या खुणा उमटेपर्यंत. कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली.

"चावून बघा."

त्यांनी सावकाश दात मिटले. डोळ्यांत पाणी होतं. दुखण्याचं की कशाचं, ते तिने ताडायचा प्रयत्न केला नाही.

"बसली," ते म्हणाले. मग डोळे पुसत, "मला क्षमा केलीस म्हणायची?"

"ते अजून जमलेलं नाही." तिने चाक बंद केलं. खोली एकदम शांत झाली. "येत्या रविवारी प्रभुभोजन. ताई येणार आहे. पहिल्या बाकावर, आईशेजारी बसेल. ताट तुम्हीच घेऊन यायचं, काका. आणि तिच्यासमोर थांबायचं."