मॅडमच्या वडिलांची दाढी

उस्ताद हे त्याचं टोपणनाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं, कारण वस्तरा फिरवताना त्याचा हात पिसासारखा हलका. तिशीत आला आणि त्याच्या कानात कुणीतरी बोलायला लागलं. आजूबाजूला चिटपाखरू नसायचं, पण शिव्या मात्र स्पष्ट ऐकू यायच्या. दोन घोट पोटात गेले की आवाज दबतो हे त्याला कळलं आणि तिथेच घात झाला. आवाज काही कायमचे गेले नाहीत, बाटली तेवढी चिकटली. एकदा तर भर दुकानात त्याने आरशावर कात्री फेकून मारली. खुर्चीतलं गिऱ्हाईक गालाला फेस तसाच ठेवून पळालं. मग कोण कशाला येतंय?

मोठी बहीण त्याला घेऊन दारोदार फिरली. व्यसनमुक्ती केंद्रवाले म्हणायचे, "आधी डोकं ठिकाणावर आणा." मनाचे डॉक्टर म्हणायचे, "आधी दारू सोडवा."

"मग काय भावाचे दोन तुकडे करू?" ताई एकदा दवाखान्याच्या जिन्यात बसून स्वतःशीच बोलली. समाजसेवा विभागातल्या मॅडम नेमक्या त्याच जिन्याने उतरत होत्या. त्या ताईशेजारी पायरीवरच बसल्या आणि पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं.

मॅडमनी दोन्हीकडच्या डॉक्टरांना एका टेबलाशी बसवलं. माणूस एक आहे, तर इलाजही एकत्रच होऊ दे, असा त्यांचा हट्ट. गोळ्या सुरू झाल्या, आणि दर सोमवारी अशाच रुग्णांच्या गटात बसणंही. मध्ये उस्ताद घसरला. गोळ्यांनी हात थरथरतो म्हणून त्याने त्या गुपचूप बंद केल्या होत्या. आवाज परतले आणि पाठोपाठ बाटलीही. मान खाली घालून तो मॅडमसमोर बसला.

"हात थरथरतोय हे आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही रागवाल वाटलं."

"रागवून हात थांबतो का? चला, डॉक्टरांना दाखवू."

डॉक्टरांनी गोळी बदलली. हात हळूहळू स्थिरावला, तसं उस्तादने दुकान पुन्हा उघडलं. सकाळपासून खुर्ची पुसत बसायचा. ओळखीची माणसं रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जायची. समोरचा पेपरवाला दुकानाकडे टक लावून बघायचा, पण येत नव्हता.

"माझ्या वडिलांना दाढीला पाठवू का?" मॅडमनी विचारलं. "पण आजाराचं त्यांना आधी सांगावं लागेल. तुमची परवानगी असेल तरच."

उस्तादला रात्रभर धड झोप लागली नाही. सकाळी म्हणाला, "सांगा."

वडील म्हणजे निवृत्त बसकंडक्टर, जिभेला हाड नाही. खुर्चीत ऐसपैस बसले आणि मान मागे टाकून म्हणाले, "चालू दे. पोरीच्या हातचा चहा पिऊन जगलोय मी, तुझा वस्तरा काय करणार?"

मॅडम बाकावर बसल्या. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती, हे उस्तादला आरशात दिसलं. भीती त्यांनाही होती. तरी त्या बापाला घेऊन आल्या होत्या.

एक गाल झाला. वस्तरा गळ्याशी आला आणि कानात कुजबुज सुरू झाली. उस्तादने वस्तरा बाजूला ठेवला. गटात शिकवलं होतं, लपवायचं नाही.

"काका, आवाज येतोय. जरा थांबतो."

"थांब की. मला कुठे बस पकडायचीय? काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, तुला जमणार नाही."

"त्याला म्हणावं, अर्धी जमलीय, बघून घे."

उस्तादला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. पाणी प्यायला, लांब श्वास घेतला, पुन्हा वस्तरा उचलला आणि उरलेली दाढी केली. कुठे ओरखडासुद्धा नाही. काकांनी गालावरून हात फिरवला आणि दारात जाऊन पेपरवाल्याला हाक मारली, "अहो, बघता काय? या, खुर्ची मोकळी आहे."

पेपरवाला जरा घुटमळला, पण आला.

संध्याकाळी उस्ताद दवाखान्यात गेला. "मॅडम, तुमचे उपकार—" एवढंच बोलून त्याने हात जोडले.

"पर्स कशी धरली होती, पाहिलंत ना?" मॅडम हसल्या. "मलाही तुमच्याकडून धीर घ्यावा लागला."

घरी त्याने ताईला सगळं सांगितलं. ती त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसून राहिली.