मिरचीच्या गाण्यातला देव

चेतनचा फोन आला तेव्हा मैत्री झोळीत नुकती डोळे मिटत होती, म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून बोलले. ती अकरा महिन्यांची आहे. या अकरा महिन्यांत मी सगळी महत्त्वाची बोलणी बाथरूममध्येच केली आहेत.

"दीपा, एक काम होतं," चेतन म्हणाला. "नव्या अल्बमवर 'मिरची' घेतोय. भाग्याचा आवाज कडक आहे, पण मराठी म्हणायला लागली की तेलुगू बातम्या लागल्यासारखं वाटतं. तू शिकवशील का तिला? दोन-तीन दुपारी. तुझ्याच घरी पाठवतो."

भाग्या म्हणजे भाग्यलक्ष्मी, आमच्या 'भुयार' बँडची नवी गायिका. 'आमच्या' म्हणायची सवय अजून गेलेली नाही. पहिल्या अल्बमवर मी गायले होते, आठच्या आठ गाणी. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय हे मला सासरी कधीच नीट सांगता आलं नाही. दहा-दहा मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारा ताल, आणि मी कधी सुरात, कधी पोटातून गुरगुरत. सिझेरियननंतर गुरगुरायला गेले की टाक्यांपाशी चिमटा बसायचा. बँडने चार महिने वाट पाहिली. चौथ्या महिन्यात चेतनने ग्रुपवर लिहिलं, 'दीपा, अजिबात घाई नको.' पाचव्या महिन्यात तिथे भाग्याचा फोटो आला, माझ्या जागेवर उभी राहिलेली.

तरी मी हो म्हटलं, कारण 'मिरची' माझ्या आजीचं गाणं आहे.

आजीचं म्हणजे आजी म्हणायची एवढंच नाही. तिने रचलेलं. सरुबाई, माझ्या आईची आई. लग्न होऊन परभणीकडून हैदराबादला आली आणि बेगम बाजारातल्या एका गोदामात बावीस वर्षं सुक्या मिरच्यांचे देठ खुडत बसली. वीसेक बायका गोल करून बसायच्या. मिरचीची धूळ नाकात जाते, म्हणून सहा मात्रा म्हणायचं आणि सातवीला तोंड खांद्याकडे वळवून श्वास सोडायचा. आमचा ड्रमर सुधीर हे पहिल्यांदा ऐकून वेडाच झाला. "सातचा ताल, आणि तोसुद्धा मिरचीमुळे," तो दिवसभर म्हणत होता.

मिरची खुडू खुडू, बोटांची झाली आग
भीमराया, तुझ्यामुळं लेकीला आली जाग

यातली लेक म्हणजे माझी आई. गोदामाच्या दारात पाटी घेऊन बसायची. आता सरकारी शाळेत शिकवते, पुढच्या वर्षी रिटायर होईल.

पण बँडकडे या गाण्याचा जो पायलट होता, त्यात 'भीमराया' नव्हतं. पायलट म्हणजे कच्चा आवाज. बाकीच्यांना वाजवताना अंदाज यावा म्हणून गायचा आणि नंतर काढून टाकायचा. तो मी मैत्रीच्या आधी, जामबागला चेतनच्या घरी, वरच्या खोलीत गायले होते. आणि त्यात मी 'देवराया' म्हटलं होतं.

मला कोणी सांगितलं नव्हतं. चेतनचे वडील बाळकृष्णकाका, तीन पिढ्या वकिली असलेलं घर, स्वभावाने अगदी मऊ माणूस. "दीपमाला, तुझं मराठी किती शुद्ध आहे गं," असं दर भेटीत म्हणायचे आणि दर भेटीत तेवढंच आश्चर्य वाटायचं त्यांना. एकदा गाव विचारलं. पुढच्या वेळी गावातली गल्ली विचारली. त्यापुढचा प्रश्न कुठला ते मला ठाऊक होतं, म्हणून मी बोलणं गिटारकडे वळवलं. पायलटच्या दिवशी ते चहाचा ट्रे घेऊन वर आले आणि दाराशी उभे राहिले. "चालू द्या, ऐकतो थोडं." मी डोळे मिटले, सहा मात्रा मोजल्या, आणि तोंडातून 'देवराया' आलं. दोन्ही शब्दांना मात्रा सारख्याच. गाणं कुठे अडखळलंसुद्धा नाही.

"कोणाचं आहे?" चेतनने नंतर विचारलं.

"पारंपरिक," मी म्हटलं. "बायका म्हणतात."

भाग्या आली ती जीन्स आणि भलामोठा काळा टी-शर्ट घालून, हातात मैत्रीसाठी खुळखुळा. आम्ही नामपल्लीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आदर्श, म्हणजे माझा नवरा, बँकेत असतो. दुपारी घरात मी, मैत्री आणि आजी. आजी बाळंतपणाला म्हणून आली ती राहिलीच.

"अक्का, मैं सब तेलुगू में लिखके लाई," भाग्या वही उघडत म्हणाली. "हसना नक्को."

चांगली पोरगी. बावीस-तेवीस वर्षांची. तिने गुरगुरून दाखवलं तर मैत्री झोळीतून उठून खदखदून हसली. मला वाटलं होतं घाबरेल. मग दर ओळीला मैत्री तोंडाचा चंबू करून भाग्याकडे बघत बसली, आता कधी करणार म्हणून. मलाही हसू आलं, आणि जरा रागही आला. पोटात असताना हिने माझंच ऐकलं होतं.

आजी खाली बसून मेथी निवडत होती. भाग्या पायलटबरहुकूम म्हणत पुढे सरकली आणि 'देवराया'पाशी आजीचा हात थांबला.

"कोन देवराया?"

छप्पन साली आजीच्या वडिलांनी घरातले देव गोदावरीत सोडले तेव्हा आठ वर्षांच्या आजीने टोपली धरली होती. ती अजूनही शपथ घालायची वेळ आली तर 'मैत्रीची आन' म्हणते. देव म्हणत नाही.

"ती तेलुगू आहे ना आजी," मी म्हटलं. "चुकतं तिचं."

भाग्याला मराठी फारसं कळत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. आपल्यावर काहीतरी आलंय एवढं तिला कळलं असावं, कारण ती 'सॉरी आजी' म्हणाली.

"सारी कशाला," आजी म्हणाली. "भी-म-राया. म्हण. आमचे बाबासाहेब."

"अंबेडकर गारु?" भाग्याने तेलुगूतला मानाचा 'गारु' लावला आणि पेन काढलं. "पर अक्का, ट्रॅक में तो…"

"ट्रॅक में गलत है," मी म्हटलं. "ये सही."

"हौ," म्हणून तिने आधीचा शब्द खोडला आणि मोठ्या अक्षरांत नवा लिहिला. आजीने तिला सातव्या मात्रेला मान कशी वळवायची ते शिकवलं. तीन दुपारी शिकवलं. तिसऱ्या दुपारी भाग्या जे गायली ते ऐकून आजी म्हणाली, "आता आमच्या गोलात बसवली आसती हिला."

त्याच संध्याकाळी मी चेतनला फोन केला. मैत्री कडेवर होती, माझं मंगळसूत्र तोंडात घालत होती. मी दोन गोष्टी सांगितल्या. शब्द भीमराया आहे. आणि गीत पारंपरिक नाही, सरुबाईंचं आहे, तसं नाव घाल.

"अगं, तूच तर पारंपरिक म्हणाली होतीस."

"चुकीचं सांगितलं होतं."

"का?"

याचं उत्तर मी फोनवर द्यायला हवं होतं. त्याच्या वडिलांचं नाव घेऊन द्यायला हवं होतं. मी म्हटलं, "तेव्हा माहीत नव्हतं." स्वतःच्या आजीचं गाणं आजीचं आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हटलं, आणि चेतनने ते ऐकून घेतलं.

"हौ, चालेल," तो म्हणाला. "बघतो ना. करू या."

आठवड्याने भाग्याचा व्हॉइस मेसेज आला. "अक्का, रेकॉर्ड हो गया. भीमराया च गाई मैं. आजी कू बोलना." मी आजीला ऐकवला. आजीने फोन कानाशी धरला आणि मान डोलवली. त्या दिवशी तिने शेजारच्या बाईंना सांगितलं, परभणीला भावाला फोन लावून सांगितलं, पोळ्या लाटताना माझ्या आईला फोनवर सांगितलं. "माझं गानं येनार हाय. माझ्या नावानं." सत्त्याहत्तर वर्षांची बाई. तिचं नाव आजवर रेशन कार्ड आणि मतदार यादी सोडून कुठे छापून आलेलं नाही.

अल्बम आला त्या दुपारी आदर्शने मुद्दाम आपला स्पीकर ठेवून दिला होता. मैत्रीला मांडीवर घेऊन आजी भिंतीला टेकून बसली. मी गाणं लावलं. पहिली दीड मिनिटं नुसती गिटार आणि ड्रम.

"शेजारी भांडी पडली का काय?" आजी म्हणाली.

"तेच गाणं आहे आजी. थांब जरा."

मैत्री ड्रमवर उड्या मारत होती. मग भाग्याचा आवाज आला. खरंच सुंदर गायली होती. मिरची खुडू खुडू म्हणताना शेवटचा स्वर असा कोरडा सोडला होता की मी आवाज वाढवला. आजीचं डोकं आपोआप सातव्या मात्रेला वळत होतं. मग दुसरी ओळ आली.

देवराया.

आजीने उड्या मारणाऱ्या मैत्रीला धरून ठेवलं. मग म्हणाली, "हितं तू म्हणलीस."

"नाही आजी, ती भाग्याच आहे."

"बाकी समदं तिचं. हे येवढं तू. मला माझ्या नातीचा आवाज कळंना व्हय?"

मी हेडफोन लावले. तेवढाच तुकडा मागे नेऊन चार वेळा ऐकला. 'राया' भाग्याचं होतं. 'देव' माझं. माझा 'व' ओठांवर जरा रेंगाळतो, पहिल्या अल्बमच्या वेळी सुधीर त्यावरून चिडवायचा. खाली लिहिलं होतं: गीत पारंपरिक. स्वर भाग्यलक्ष्मी. विशेष आभार दीपमाला.

मी मैत्रीला आजीकडे ठेवून बाथरूममध्ये गेले.

"भाग्याने तुझ्या म्हणण्याप्रमाणेच गायलं होतं," चेतन म्हणाला. त्याच्या आवाजात चोरटेपणा नव्हता, हेच जास्त लागलं. "टेकसुद्धा मस्त होता. पण ऐकताना वाटलं यार, गाणं एकदम एका बाजूला जातंय. कमेंटमध्ये भांडणं सुरू झाली असती, गाणं कोणी ऐकलंच नसतं. पायलट समोरच होता. टेम्पो तोच, पट्टी तीच. सुधीरने तेवढी दोन अक्षरं लावली. तू सोडून कोणाला कळणार पण नाही."

"आजीला कळलं."

"आजींना आवडलं का बाकी?"

"चेतन, ते काढ."

"आता कसं काढू? सगळीकडे गेलंय. लॉक आहे गं ते." मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "आणि दीपा, आवाज तुझाच आहे ना? मी काही तुझ्या तोंडात घातलेला नाही तो शब्द."

नळ गळत होता. बाहेर मैत्री मला शोधत दार थोपटायला लागली होती.

दार उघडलं तर मागे आजी. "त्या पोरीला बोलू नगंस," ती म्हणाली. "तेलुगू हाय ती. चुकलं आसंल."

"तिचं नव्हतंच चुकलं आजी. आधीपण नव्हतं." मी खालीच बसले. मैत्री माझ्या मांडीत चढली. "तो शब्द मीच म्हटला होता. हिच्या जन्माआधी. चेतनच्या घरी."

आजीला राग येईल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "कोन व्हतं म्होरं?"

"त्याचे वडील. चहा घेऊन आले होते."

"दटावलं का त्यांनी?"

"नाही. बिस्किटंपण आणली होती."

आजीने पदराने मैत्रीची लाळ पुसली. "आमच्या म्होरं शेट बसायचा," ती म्हणाली. "तक्क्याला टेकून. कपाळाला ह्यो मोठा गंध. तवाबी म्हणायचो आमी." सुनावत नव्हती. आठवलं ते सांगत होती, भाजी कितीला मिळाली ते सांगावं तसं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, मैत्रीला माझ्याकडून घेतलं आणि वरणभात कालवायला आत गेली.

भाग्याचे तीन मेसेज येऊन पडले होते. 'अक्का मैं तो सही गाई थी.' 'ये कैसा हुआ.' 'आजी गुस्सा हैं क्या मेरे पे.' मी लिहिलं, 'तुझपे नहीं.' कोणावर ते लिहिलं नाही.

मग चेतनला लिहिलं की निदान माझे आभार तरी काढून टाक, मला तिथे माझं नाव नको आहे. मैत्रीचं जेवण आटपून, तिचं तोंड धुऊन, तिला झोळीत घालून मी पुन्हा बघितलं तर आभार गेले होते. जास्तीत जास्त वीस मिनिटं लागली असतील त्याला.

'मग लॉक नव्हतं तर,' मी लिहिलं. 'तिथेच सरुबाई घाल. गीत सरुबाई. फक्त तेवढं.'

दोन निळ्या खुणा आल्या. पाच वाजता आदर्श आला तेव्हाही दोन निळ्या खुणाच होत्या. त्याने बूट काढता काढता विचारलं, "काय मग, वाजवलं का आजींचं गाणं?" आतून आजी म्हणाली, "वाजलं." आणि कुकर लावला.