माझ्या पोटात जाड तार कोंबली

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे, पांढऱ्या चिनीमातीचा, आणि सध्या मी भयंकर चिडलेलो आहे. जुनी छत्री, जुनी सायकल आपली कहाणी सांगताना रडून मोकळी होतात. मला रडता येत नाही. मला फक्त एक काम येतं, आणि माणसांनी ते काम मला करू दिलं नाही.

भट्टीत भाजून मला कडक केलं, दोन पितळी पाय बसवले आणि दोन स्क्रूंच्या मध्ये केसासारखी बारीक तार ताणली. घराच्या वायरींना झेपणार नाही इतका करंट धावू लागला, की ती तार वितळते, वीज बंद पडते आणि घर वाचतं. मग लोक कपाळावर हात मारून म्हणतात, "गेला मेला फ्यूज!" अरे बाबांनो, गेला नाही, कामाला आला!

नागपुरात कळमन्याच्या बाजाराजवळ भैय्याजींचं दोन खोल्यांचं घर आहे. भैय्याजी बाजारात मापारी, म्हणजे धान्य तोलणारे. तिथे दिवसभर लोक त्यांच्या काट्याकडे बघतात, त्यामुळे घरीही आपलाच शब्द शेवटचा, असा त्यांचा पक्का समज. त्यांच्या दाराशेजारच्या लाकडी बोर्डावर मी बावीस वर्षं काढली. एकदा मिक्सरची वायर जळाली तेव्हा मी क्षणात उडालो. वायरमन म्हणाला, "फ्यूज होता म्हनून निभावलं." बावीस वर्षांत एवढंच काय ते कौतुक. बाकी दिवाळीला भैय्याजींची बायको तारा मेन स्विच बंद करून कोरड्या फडक्याने मला पुसायची, तेही मला पुष्कळ होतं.

तुम्हाला आमचा उन्हाळा माहीतच आहे. होळी झाली की घरोघर सज्ज्यावरून कूलर खाली उतरतात, वाळ्याची नवी खस लागते आणि खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ती पत्र्याची पेटी चढते. यंदा सज्ज्यावर उंदराने कूलरच्या पंपाची वायर कुरतडली होती. आतली उघडी तार पत्र्याला टेकत होती. पंपाचं बटण दाबलं, की करंट पत्र्यातून जमिनीत जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत उतरायचा आणि मी फटकन उडायचो. एकदा उडालो. दोनदा उडालो. तिसऱ्यांदाही उडालो. याहून स्पष्ट मी काय सांगायचं होतं?

"फ्यूजच कमजोर झाला," भैय्याजींनी निकाल दिला.

"अवो, दीक्षाले दाखवा ना एकडाव," तारा म्हणाली. दीक्षा शेजारची. आयटीआय झालेली, बुटीबोरीच्या एका कारखान्यात वायरमनचं काम करणारी. ती आली, तिने बोर्ड पाहिला, कूलर पाहिला.

"काका, फ्यूज बराबर आहे. पंपाचं बटन दाबलं की उडून राहिला, म्हंजे पंपातच गडबड आहे. मी पंप काढून पाहतो. तोवर कूलर लावू नका."

"पंचेचाळीस डिग्रीत कूलर लावू नको म्हनते!" भैय्याजी हसले. "जाय वं बाई, तू आपली फॅक्टरी सांभाळ. तू पाळन्यात होती तवापासून मी फ्यूज बांधून राहिलो."

पालथ्या घड्यावर पाणी! दीक्षा मान हलवत निघून गेली. भैय्याजींनी एका जुन्या केबलमधली तांब्याची जाड तार सोलली, दुहेरी केली आणि माझ्या पोटात कोंबून स्क्रू आवळले. "पाह्य वं तारा, आता याचा बाप बी उडत नाही!"

खरंच उडत नव्हता. रोग कूलरला आणि तोंड माझं बांधलं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. कूलर भणाणला, गार वारा आला, भैय्याजी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपली हुशारी सांगत फिरले. इकडे करंट चोवीस तास अर्थिंगच्या वायरीतून वाहत होता, तिचा जोड तापत होता, आणि मी सगळं बघत ढिम्म बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तो जोड जळून तुटला. आता करंटला जायला वाटच उरली नाही. तो कूलरच्या पत्र्यात थांबून राहिला, कुणाचा हात लागतो याची वाट बघत.

त्या दुपारी तारा कूलरमध्ये पाणी भरायला निघाली. भैय्याजी वाऱ्यासमोर चटईवर पडले होते.

"अवो, सकाळी हात लागला तं झिनझिन्या आल्या. मले भेव लागते. बंद करून भरू का?"

"घाम असन तो. बंद नको करू वं, आत्ता कुठं डोळा लागून राहिला."

ती बिचारी अनवाणी बाहेर गेली. खाली सांडलेलं पाणी, वर चालू कूलर. तिने एका हाताने बादली उचलली आणि दुसरा हात पत्र्याला टेकवला. हात तिथेच चिकटला. तिला ओरडताही आलं नाही. बादली पडल्याचा आवाज झाला आणि भैय्याजी उठले. "तारा! तारा!" करत ते तिला धरायला धावले.

माझ्यात बारीक तार असती, तर मी पहिल्याच दिवशी उडालो असतो, अर्थिंगचा जोड जळला नसता आणि हे इथवर आलंच नसतं. आता मी काय करणार होतो? माझ्या पोटातल्या त्या जाड तारेतून तिच्या अंगात वीज जात होती, हो, माझ्यातून! त्या क्षणी मला माझीच किळस आली.

सुट्टी असल्याने शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालणारी दीक्षा त्या हाकेने आत धावली. "काका, हात नका लावू!" ती किंचाळली, बोर्डाकडे झेपावली आणि तिने मला धरून खस्सकन उपटलं. वीज तुटली. तारा खाली कोसळली.

ती वाचली, मित्रांनो. तळहात भाजला, चार दिवस दवाखान्यात राहिली, पण वाचली.

ती घरी आली तोवर दीक्षाने नवा पंप बसवला होता, अर्थिंगची वायर बदलली होती आणि माझ्या जागी आपोआप बंद पडणारे नवे स्विच लावले होते. मी खिडकीत पडून होतो. भेटायला आलेल्या बायांना भैय्याजी सांगत होते, "काय सांगू बाई, फ्यूजच खराब निघाला."

तारा उठली. पट्टी बांधलेल्या हाताने तिने मला उचललं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "याच्या पोटात ही तार कोनं भरली?"

तिने कोपऱ्यातली बादली त्यांच्यापुढे सरकवली. "आता तं सारं दुरुस्त झालं. घ्या, भरा पानी."

भैय्याजींनी कूलर बंद केला, प्लग उपटला, पायात रबरी चप्पल घातली. पत्र्यापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला. "मले भेव लागते वं," ते हळूच म्हणाले.

"मले बी लागत होतं," तारा म्हणाली. "मी सांगतलं होतं तुमाले."

मित्रांनो, फ्यूज उडाला तर त्याला शिव्या घालू नका. का उडाला ते शोधा, आणि स्वतःला कळत नसेल तर जाणत्या माणसाला शोधू द्या. माझ्या भाऊबंदांच्या पोटात जाड तार कोंबू नका. आणि घरात कुणी म्हणालं की भीती वाटते, तर आधी उठून कूलर बंद करा. झोप नंतरही काढता येते.